संडे सायलेन्स: शर्यती, वंश आणि जपान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संडे सायलेन्स म्हणजे नेमका कोण?

२५ मार्च १९८६ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जन्मलेला, जवळजवळ काळाच दिसणारा थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीच्या जातीचा, घोडा. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक या तिन्ही शर्यती मारल्या आणि अमेरिकेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला. नंतर तो जपानला गेला. तिथे १९९५ ते २००७ अशी सलग १३ वर्षं तो सायरांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. सायर म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला बाप घोडा. त्याच्या मुलामुलींनी वर्षभरात किती बक्षीस कमावलं, त्यावर ही यादी ठरते. २००२ मध्ये तो गेला, म्हणजे त्यातली शेवटची पाच वर्षं तो हयातही नव्हता.

त्याचे आईबाप कोण?

बाप हेलो, आई विशिंग वेल. हेलो हा हेल टू रीझनचा मुलगा आणि स्वभावाने इतका कडक, की चावू नये म्हणून त्याला जाळी बांधावी लागे. सायर म्हणून मात्र त्याचं नाव होतं. १९८३ चा केंटकी डर्बी विजेता सनीज हेलो हा त्याचाच मुलगा. विशिंग वेल स्वतः चांगली धावली होती, पण तिचा बाप अंडरस्टँडिंग याला घोड्यांच्या बाजारात कोणी विचारत नव्हतं. तिच्या आईकडच्या फांदीतही मोठी नावं नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा बराचसा इतिहास याच एका गोष्टीवर फिरतो.

लिलावात त्याला खरंच कोणी घेतलं नाही?

खरंच नाही. १९८७ मध्ये केंटकीतल्या कीनलंडच्या लिलावात तो उभा राहिला, तेव्हा बोली रखडली. ज्या स्टोन फार्मवर तो जन्मला, त्याचे मालक आर्थर हॅनकॉक यांनी शेवटी १७ हजार डॉलरची बोली लावून त्याला परत घेतलं. त्याची पैदास करणाऱ्यांना तो हवा असेल, असा त्यांचा अंदाज होता. पण त्यांनाही तो नको होता आणि घोडा हॅनकॉकच्या गळ्यात पडला. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या लिलावात किमान ५० हजार डॉलरची अपेक्षा होती, बोली ३२ हजारांवर थांबली. पुन्हा घरी.

यासाठी खरेदीदारांना मूर्ख ठरवणं मला पटत नाही. वर्षभराच्या शिंगराला शर्यतीत पळताना कोणी पाहिलेलं नसतं. डोळ्यांसमोर असतात त्याचे पाय आणि त्याचा कागद, म्हणजे वंशावळ. संडे सायलेन्सच्या मागच्या पायांचे सांधे आत वळलेले होते, चालताना ते एकमेकांच्या अगदी जवळ यायचे. अंगाने तो लुकडा होता. आणि कागद वर सांगितला तसा, एका बाजूने भक्कम आणि दुसऱ्या बाजूने रिकामा. त्या वेळी हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाने दुसरं शिंगरू निवडलं, यात नवल नाही.

आजारपण आणि अपघाताची गोष्ट खरी की दंतकथा?

दोन्ही खरं. आईपासून तोडल्यावर काही काळाने त्याला विषाणूचा जबर संसर्ग झाला. जुलाब थांबेनात आणि तो जगेल अशी आशा कोणालाच नव्हती. त्यातून तो उठला. कॅलिफोर्नियातला लिलाव फसल्यावर केंटकीला परतत असताना टेक्सासमध्ये चालकाला हृदयविकाराचा झटका आला आणि घोडे नेणारी गाडी उलटली. संडे सायलेन्सला बराच मार बसला, पण हाडं शाबूत राहिली.

त्याला घडवलं कोणी?

चार्ली व्हिटिंगहॅम यांनी. कॅलिफोर्नियातले हे ज्येष्ठ ट्रेनर १९८९ च्या डर्बीच्या वेळी ७६ वर्षांचे होते. तीन वर्षं आधी फर्डिनंड या घोड्याबरोबर त्यांनी ती शर्यत एकदा जिंकली होती. संडे सायलेन्समधला अर्धा हिस्सा त्यांनी २५ हजार डॉलरला घेतला आणि त्यातला निम्मा एका डॉक्टर मित्राला दिला. घोड्याला वेळ द्यायचा, घाई करायची नाही, ही त्यांची पद्धत. दोन वर्षांच्या वयात त्याला फक्त तीनदा पळवलं: एक विजय, दोनदा दुसरा. १९८९ च्या एप्रिलमध्ये सँटा अनिटा डर्बी त्याने ११ लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे लोक जागे झाले. पूर्वेकडचे मात्र अजूनही ईझी गोअर या दुसऱ्या घोड्याचंच नाव घेत होते.

ईझी गोअरशी त्याची स्पर्धा इतकी गाजली ती का?

कारण दोन्ही घोडे सगळ्या बाबतीत एकमेकांची विरुद्ध टोकं होते. ईझी गोअर म्हणजे फिप्स घराण्याचा राजबिंडा तांबूस घोडा. बाप ॲलिडार, वंशावळ डोळे दिपवणारी, ट्रेनर शग मॅकगॉही, जॉकी पॅट डे. समोर हा काळा, वाकड्या पायांचा, दोनदा परत आलेला. दोघे चार वेळा भिडले.

केंटकी डर्बीला थंडी होती आणि ट्रॅकवर चिखल. जॉकी पॅट व्हॅलेन्झुएला याच्या हाताखाली संडे सायलेन्स सरळ पट्ट्यात नागमोडी धावत सुटला, तरी अडीच लेंग्थने जिंकला. ईझी गोअरला चिखल मानवला नाही, असं त्याच्या चाहत्यांनी म्हटलं, आणि त्यात तथ्य असावं.

म्हणून प्रीकनेसला महत्त्व आलं. कोरडा ट्रॅक, सबबीला जागा नाही. त्या आठवड्यात संडे सायलेन्सच्या पुढच्या पायाचं खूर दुखावलं होतं आणि काही दिवसांचा सराव बुडाला होता. शर्यतीत ईझी गोअरने पलीकडच्या पट्ट्यातच वेग घेऊन आघाडी घेतली. शेवटच्या वळणावर संडे सायलेन्सने बाहेरच्या बाजूने त्याला गाठलं, आणि तिथून विजयरेषेपर्यंत दोन घोडे शरीराला शरीर लावून पळत राहिले. कधी एकाचं नाक पुढे, कधी दुसऱ्याचं. ईझी गोअर कठड्याच्या बाजूला अडकलेला, पॅट डेच्या हातातल्या लगामाने त्याची मान शेजाऱ्याकडे वळलेली; जणू दोघे एकमेकांच्या डोळ्यांत बघत धावत होते. संडे सायलेन्स नाकभर फरकाने जिंकला. घोड्यांच्या शर्यतीत शौर्य हा शब्द कुणी वापरला की मला हाच शेवटचा पट्टा आठवतो.

बेलमाँटला, दीड मैलाच्या लांब शर्यतीत, ईझी गोअरने हिशेब चुकता केला. आठ लेंग्थने, निर्विवाद. संडे सायलेन्सचा ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट एकाच वर्षी जिंकण्याचा मान, तिथे हुकला. त्या अंतराला आणि त्या दिवशी ईझी गोअर सरस होता, याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

चौथी गाठ नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीम पार्कला, ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये पडली. व्हॅलेन्झुएला निलंबित असल्याने लगाम ख्रिस मॅकॅरनकडे होता. ईझी गोअर शेवटी जोरात आला, पण मानेच्या फरकाने कमी पडला. तीन विरुद्ध एक.

त्याची एकूण कामगिरी काय?

१४ शर्यती, ९ विजय, ५ वेळा दुसरा. दुसऱ्याच्या खाली तो कधी आलाच नाही. कमाई ४९ लाख ६८ हजार ५५४ डॉलर. १९९० मध्ये कॅलिफोर्नियन स्टेक्स जिंकून आणि हॉलिवूड गोल्ड कपमध्ये क्रिमिनल टाइपच्या मागे अगदी थोडक्यात दुसरा येऊन तो थांबला. पायाचा अस्थिबंध दुखावला होता. १९९६ मध्ये त्याचा अमेरिकेच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. आणखी एक बाब: या सगळ्या शर्यती मातीच्या ट्रॅकवरच्या. गवतावर तो एकदाही पळला नाही.

असा घोडा अमेरिकेने जाऊ कसा दिला?

प्रयत्न झाला होता. हॅनकॉक यांनी त्याचे ४० हिस्से पाडून प्रत्येकी अडीच लाख डॉलरला विकायचं ठरवलं. हिस्सा घेणाऱ्याला दर हंगामात आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवता येते, अशी ही पद्धत. होकार आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८६ च्या करसुधारणेनंतर तिथला घोड्यांचा बाजार बसला होता आणि हॅनकॉकवर कर्ज होतं. पण मूळ नकार जुनाच होता: आईकडचा कागद रिकामा, पाय वाकडे. मैदानावरचा पराक्रम त्याच्याबरोबर संपेल आणि पोरांत उतरतील ते पाय, अशी पैदास करणाऱ्यांची धारणा होती.

जपानच्या झेन्या योशिदा यांनी घोड्यातला काही हिस्सा आधीच घेतला होता. त्यांनी सुमारे १ कोटी १० लाख डॉलरमध्ये संपूर्ण घोडा घेतला आणि तो होक्काइडो बेटावरच्या त्यांच्या शादाई स्टॅलियन स्टेशन या पैदास केंद्राला रवाना झाला. केंटकीत अनेकांना वाटलं, योशिदांनी पैसे पाण्यात घातले.

मग योशिदांनी काय पाहिलं, जे इतरांना दिसलं नाही?

याला नशीब म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अपुरं वाटतं. योशिदांच्या पागेत काय होतं, ते आधी बघा. १९७२ मध्ये त्यांनी साराटोगाच्या लिलावातून नॉर्दर्न डान्सरचा एक ठेंगणा मुलगा घेतला होता, नॉर्दर्न टेस्ट. तो पुढे जपानचा अग्रगण्य सायर झाला आणि वर्षानुवर्षं त्या जागी राहिला. त्यामुळे शादाईच्या कुरणांत नॉर्दर्न टेस्टच्या उत्तम मुली चरत होत्या आणि त्या सगळ्यांत नॉर्दर्न डान्सरचं रक्त होतं. जगभर त्या काळात हीच परिस्थिती होती. फॅशनेबल वंशावळ म्हणजे कुठे ना कुठे नॉर्दर्न डान्सर.

संडे सायलेन्सच्या वंशावळीत तो नव्हता. हेलोची आई कॉस्मा आणि नॉर्दर्न डान्सरची आई नाताल्मा या एकाच आईच्या मुली, एवढाच दूरचा धागा. म्हणजे केंटकीत जो कागद रिकामा म्हणून नाकारला गेला, तोच शादाईला हवा होता. नात्याबाहेरचं रक्त, शिवाय सिद्ध झालेला घोडा. एकाच घोड्याची किंमत समोर कोणत्या घोड्या उभ्या आहेत त्यावर इतकी बदलते, हे या प्रकरणातून मी शिकलो.

योशिदांना हे फळ पाहायला मिळालं नाही. १९९३ मध्ये ते गेले. संडे सायलेन्सची पहिली पोरं मैदानात उतरली ती १९९४ मध्ये.

पहिल्याच पिढीत यश मिळालं का?

पहिल्याच. फुजी किसेकी १९९४ चा दोन वर्षांच्या गटातला अव्वल घोडा ठरला (जपानमध्ये तेव्हा वय मोजायची पद्धत वेगळी होती, म्हणून जुन्या नोंदींत तो तीन वर्षांचा दिसतो). १९९५ मध्ये जेन्युइनने सात्सुकी शो, तायासु त्सुयोशीने जपानी डर्बी आणि डान्स पार्टनरने ओक्स जिंकली. जेमतेम दोन पिढ्या पळत असताना बाप यादीत पहिला.

गवतावर कधीच न पळलेल्या घोड्याची पोरं गवतावर कशी चालली?

जपानच्या मोठ्या शर्यती बहुतेक टणक गवतावर होतात आणि त्यांचा निकाल शेवटच्या ६०० मीटरमध्ये लागतो. तिथले लोक घोड्याच्या एकूण वेळेइतकंच या शेवटच्या तीन फर्लांगांच्या वेळेकडे बघतात. संडे सायलेन्सच्या पोरांकडे हीच गोष्ट होती: संथ चालणाऱ्या घोळक्यातून एका क्षणात सुटण्याची चपळाई. बापाची प्रीकनेसमधली वळणावरची मुसंडी आठवली तर फारसं आश्चर्य वाटत नाही. मातीवर चालणारी शाखाही आहेच. त्याचा मुलगा गोल्ड अल्यूर मातीच्या घोड्यांचा मोठा सायर झाला.

पैदास कृत्रिम रेतनाने होत होती का?

नाही. थरोब्रेडमध्ये त्याला परवानगीच नाही. नोंदणी हवी असेल तर घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग व्हावा लागतो. म्हणून संडे सायलेन्सकडे शेवटच्या हंगामांत आलेल्या सुमारे दोनशे घोड्या हा आकडा मोठा आहे. बारा हंगामांत त्याची सुमारे १,५०० शिंगरं झाली.

त्याची सर्वांत मोठी मुलं कोणती?

जपानी डर्बी जिंकणारे सहा: तायासु त्सुयोशी, स्पेशल वीक, अडमायर व्हेगा, ॲग्नेस फ्लाइट, निओ युनिव्हर्स आणि डीप इम्पॅक्ट.

यातला डीप इम्पॅक्ट बापाच्याच तारखेला, २५ मार्चला, २००२ मध्ये जन्मला. बाप गेला तेव्हा तो पाच महिन्यांचाही नव्हता. आई विंड इन हर हेअर, एप्सम ओक्समध्ये दुसरी आलेली. अंगाने लहान म्हणून लिलावात त्याला ७ कोटी येन मिळाले. त्या लिलावातले भारी घोडे याहून बरेच वर गेले होते. २००५ मध्ये एकही शर्यत न हरता त्याने जपानचा ट्रिपल क्राउन मिळवला. जपानमध्ये त्याला त्याच वर्षी एकट्या हार्ट्स क्रायने हरवलं, आणि तोही संडे सायलेन्सचाच मुलगा. नंतर २०१२ ते २०२२ अशी सलग ११ वर्षं डीप इम्पॅक्ट जपानचा अव्वल सायर होता.

माझा जीव मात्र सायलेन्स सुझुकात अडकलेला आहे. सुरुवातीपासून भन्नाट वेगाने पुढे निघायचं आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, अशी त्याची शर्यत. १ नोव्हेंबर १९९८, टेनो शो ही शर्यत. ओळीने सहा विजय पदरात होते. जॉकी युताका ताके पाठीवर, मागचे घोडे दूरवर पडलेले, आणि तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्याच्या दरम्यान त्याचा पाय मोडला. त्याला वाचवता आलं नाही. त्याची पोरं नाहीत. वंशाच्या तक्त्यात त्याचं नाव कुठेच येत नाही, म्हणून इथे लिहितो.

बापाचा तापट स्वभाव पोरांत उतरला का?

काही फांद्यांमध्ये भरपूर. स्टे गोल्ड हे ठळक उदाहरण. ५० शर्यती पळून पहिला ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीतला, विजय त्याला अगदी शेवटच्या शर्यतीत, २००१ च्या हाँगकाँग व्हासमध्ये मिळाला. त्याचा मुलगा ऑर्फेव्हर २०११ मध्ये ट्रिपल क्राउन पूर्ण करून थांबायच्या बेतात असताना त्याने स्वतःच्या जॉकीलाच खाली पाडलं. असा घोडा ट्रेनरची परीक्षा बघतो, पण शेवटच्या पट्ट्यात हार न मानण्याची वृत्तीही त्याच स्वभावातून येत असावी, असं मला वाटतं.

त्याचा मृत्यू कसा झाला?

२००२ मध्ये पायाला जंतुसंसर्ग झाला आणि त्यातून लॅमिनायटिस उद्भवला. घोड्याचा एक पाय दुखायला लागला की तो वजन दुसऱ्यावर टाकतो. मग त्या पायाच्या खुराच्या आतलं हाड धरून ठेवणारे थर सुजतात आणि सुटू लागतात. घोडा झोपून राहू शकत नाही, त्यामुळे उपचार फार अवघड. १९ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या १६ व्या वर्षी तो गेला.

जपानबाहेर त्याचा वंश दिसतो का?

आता सगळीकडे. नातू डेल्टा ब्लूजने २००६ चा मेलबर्न कप जिंकला, व्हिक्ट्वार पिसाने २०११ चा दुबई वर्ल्ड कप. २०२३ मध्ये जगात सर्वाधिक रेटिंग मिळवणारा इक्विनॉक्स हा डीप इम्पॅक्टचा सख्खा भाऊ ब्लॅक टाइड याच्या फांदीतला. २०२५ मध्ये फॉरएव्हर यंगने ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. हे जपानमध्ये तयार झालेल्या घोड्याचं त्या शर्यतीतलं पहिलं यश. तो डीप इम्पॅक्टचा नातू, म्हणजे संडे सायलेन्सचा पणतू.

युरोपातली गोष्ट वेगळी आणि अधिक बोलकी आहे. आयर्लंडच्या कूलमोर या पैदास संस्थेकडे गॅलिलिओ या सायरच्या मुली मुबलक होत्या आणि गॅलिलिओ नॉर्दर्न डान्सरचा नातू. त्यांनी आपल्या घोड्या डीप इम्पॅक्टकडे पाठवल्या. त्यातून २०१८ चा टू थाउजंड गिनीज विजेता सॅक्सन वॉरियर, २०२१ ची ओक्स १६ लेंग्थने मारणारी स्नोफॉल आणि २०२३ चा एप्सम डर्बी विजेता ऑगस्ट रोडँ जन्मले. तिघांच्याही आया गॅलिलिओच्या मुली. शादाईत जे गणित जमलं होतं तेच इथे पुन्हा जमलं.

जपानमध्ये आता त्याचं रक्त जास्त झालंय, हे खरं का?

खरं, आणि तिथले लोक याबद्दल सावध आहेत. जपानच्या चांगल्या घोड्यांमध्ये आईकडून किंवा बापाकडून तो नसणं आता दुर्मीळ. किंग कामेहामेहा आणि त्याचा मुलगा लॉर्ड कानालोआ यांना मोठी संधी मिळाली ती यामुळेच: दोघांतही संडे सायलेन्स नाही, म्हणून त्याच्या मुली आणि नाती त्यांना देता आल्या. आलमंड आय ही लॉर्ड कानालोआ आणि संडे सायलेन्सची मुलगी फुसाइची पँडोरा यांची लेक. २०१८ चा जपान कप तिने २ मिनिटं २०.६ सेकंदांत जिंकला.

अलीकडे पिढ्या लांबल्याने तो दोन्हीकडून असलेले घोडेही यशस्वी होत आहेत. २०२० मध्ये अपराजित राहून घोड्यांमधल्या माद्यांचा ट्रिपल क्राउन जिंकणारी डेअरिंग टॅक्ट त्यातलीच. तरी बाहेरून घोडे आणि घोड्या आणणं थांबवून चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शादाई समूह जगभरातून घोड्या विकत घेत राहतो, ते उगाच नाही.

नव्याने बघायला लागलो तर कोणत्या शर्यती आधी पाहाव्या?

१९८९ ची प्रीकनेस सर्वांत आधी, आणि लगेच त्याच वर्षीची बेलमाँट, म्हणजे ईझी गोअर किती मोठा घोडा होता तेही कळेल. मग १९९८ ची माइनिची ओकान, ज्यात सायलेन्स सुझुका पुढे राहूनच जिंकतो. २००५ ची अरिमा किनेन, कारण हार्ट्स क्राय मागून येण्याऐवजी पुढे राहून डीप इम्पॅक्टला कसा रोखतो ते बघण्यासारखं आहे. आणि २०१२ च्या आर्क द त्रिओंफ या पॅरिसच्या शर्यतीत ऑर्फेव्हरकडे लक्ष ठेवा: सरळ पट्ट्यात तो सगळ्यांना मागे टाकतो, मग कठड्याकडे झुकत जातो आणि अगदी रेषेजवळ सोलेमिया त्याला गाठते.